ब्लॉगलेखन, ऑनलाइन शिक्षणातील

ऑनलाइन अभ्यासक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थ्याने किंवा शिक्षकाने वेळोवेळी केलेले, तारीखवार मांडलेले आणि वाचकांच्या प्रतिसादासाठी खुले असलेले लेखन. वाचलेल्या मजकुरावरचे भाष्य, प्रयोगाच्या नोंदी, अर्धवट सुटलेली उदाहरणे असे बरेच काही त्यात येते. गृहपाठ बहुधा शिक्षकापुरताच राहतो. ब्लॉग सहाध्यायी वाचतात, क्वचित अभ्यासक्रमाबाहेरचे जाणकारही वाचतात.

या पद्धतीचे मूळ कोठे शोधावे याबद्दल दोन मते आढळतात. एका मतानुसार ते चिंतनात्मक रोजनिशीत आहे. अनुभवावर मागे वळून विचार केल्याने शिक्षण घडते, ही अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्यूई यांनी १९१०मध्ये विस्ताराने मांडलेली आणि अभ्यासक डॉनल्ड शोन यांनी १९८३मध्ये व्यावसायिकांच्या कामाला लावलेली भूमिका या मताचा आधार होय. दुसरे मत फ्रेंच शिक्षक सेलेस्तँ फ्रेने यांच्याकडे बोट दाखवते. १९२०च्या दशकात त्यांनी वर्गात छोटे मुद्रणयंत्र आणले, मुलांचे लेखन मुलांकडूनच छापून घेतले आणि ते दुसऱ्या शाळांतील मुलांना पाठवून पत्रव्यवहार सुरू केला. रोजनिशी मुळात खाजगी असते. अनोळखी वाचक गृहीत धरून लिहिणे आणि त्याच्या उत्तराची वाट पाहणे फ्रेने यांच्या प्रयोगात स्पष्ट दिसते. त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते. अर्थात हे साम्य झाले. थेट परंपरा मानण्याचे कारण नाही.

ब्लॉगर (१९९९) आणि वर्डप्रेस (२००३) या ब्लॉग चालवण्याच्या साधनांमुळे संकेतस्थळ बांधण्याचे तंत्र न शिकता लिहिणे शक्य झाले. २००३–०४च्या सुमारास हार्वर्ड, वॉरिक अशा विद्यापीठांनी आपल्या लोकांसाठी ब्लॉगसेवा उघडल्या. २००५मध्ये शिक्षकांसाठी एड्युब्लॉग्ज ही स्वतंत्र सेवा आली.

ब्लॉग हा अभ्यासक्रमाचा कणा होऊ शकतो, हे २००८मध्ये जॉर्ज सीमेन्स आणि स्टीफन डाउन्स यांनी कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठात चालवलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमात दिसले. शुल्क भरणारे विद्यार्थी पंचविसेक होते, विनाशुल्क नोंदलेले सुमारे २,२००. सर्वांनी एकाच ठिकाणी लिहावे अशी सक्ती नव्हती. अनेकांनी स्वतःच्या ब्लॉगवर लिहिले. जुळणी आरएसएस या व्यवस्थेने केली. ब्लॉगवर नवा लेख आला की त्याचे शीर्षक, दुवा, दिनांक आणि सारांश किंवा पूर्ण मजकूर असलेली यंत्रवाचनीय फाइल अद्ययावत होते. संकलक आज्ञावली ठरावीक अंतराने अशा फाइली वाचते आणि अभ्यासक्रमाची खूण असलेले लेख निवडते. डाउन्स यांनी पर्ल भाषेत लिहिलेल्या ‘जीआरएसएसशॉपर’ने असे लेख गोळा करून त्यांचे दैनिक पत्रक सदस्यांना पाठवले. मूळ लेख मात्र लेखकाच्याच ताब्यात राहिला, आणि शैक्षणिक ब्लॉगलेखनाचे खरे वैशिष्ट्य बहुधा येथेच आहे: सत्र संपल्यावर अध्ययन व्यवस्थापन प्रणालीतील (संस्थेचा ऑनलाइन वर्ग चालवणाऱ्या आज्ञावलीतील) चर्चा विद्यार्थ्याला सहसा बंद होते, ब्लॉग उरतो. मेरी वॉशिंग्टन विद्यापीठाने २०१३मध्ये विद्यार्थ्यांना स्वतःचे डोमेन-नाव (संकेतस्थळाचा पत्ता) आणि जागा देण्याची योजना याच विचाराने सर्वांसाठी खुली केली.

शिक्षकांच्या ब्लॉगांत गणिती टेरेन्स टाओ यांचे उदाहरण ठळक आहे. पदव्युत्तर व्याख्यानांची टिपणे ते ब्लॉगवर देतात, वाचक प्रतिसादांत चुका दाखवतात, आणि सुधारलेल्या टिपणांतून पुढे काही ग्रंथही तयार झाले.

२०१२नंतर मोठ्या प्रमाणावर खुल्या झालेल्या अभ्यासक्रमांचा भर ध्वनिचित्रित व्याख्याने आणि आपोआप तपासल्या जाणाऱ्या चाचण्यांवर राहिला. तेथे ब्लॉगला दुय्यम स्थान आहे. २०१३मध्ये गूगल रीडर ही आरएसएसवर चालणारी वाचनसेवा बंद झाल्याने विखुरलेले लेख एकत्र वाचण्याची सवयही मोडत गेली असावी.

मूल्यमापनात अडचण असते ती सक्तीची. आठवड्याला अमुक लेख आणि अमुक प्रतिसाद असा नियम घातला की संख्या भरते, पण ‘छान लिहिले आहे’ यापलीकडे प्रतिसाद जात नाहीत. त्यामुळे काही शिक्षक प्रत्येक लेखाला गुण न देता सत्राअखेर विद्यार्थ्यानेच निवडलेले मोजके लेख तपासतात. अल्पवयीन विद्यार्थ्यांबाबत टोपणनाव, संकेतशब्दाने मर्यादित वाचन आणि शिक्षकाने मंजूर केल्यावरच प्रतिसाद प्रसिद्ध करणे हे उपाय रूढ आहेत.