दोन साठ्यांतून निघणारा भाव

युनिस्वॅप ही ब्लॉकचेनवर टोकन, म्हणजे डिजिटल नाणी, बदलून घेण्याची सोय. तिच्या पहिल्या दोन आवृत्त्यांसारख्या कॉन्ट्रॅक्टमध्ये (ब्लॉकचेनवर आपोआप चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) टोकनचा भाव कुठेही लिहून ठेवलेला नसतो. असतात ते फक्त दोन साठे, आणि एक नियम: सौद्यानंतर दोघांचा गुणाकार आधीपेक्षा कमी होता कामा नये.

समजा, पूलमध्ये, म्हणजे या दोन साठ्यांत मिळून, १०० ईथर (इथेरियम ब्लॉकचेनचं चलन) आणि २,००,००० डाय (डॉलरशी बांधलेलं टोकन) आहेत. म्हणजे भाव २,००० डाय. कुणी १० ईथर विकायला आणले. ०.३ टक्के शुल्क वजा करून हिशेबात धरायचे ९.९७. मिळणारे डाय = २,००,००० × ९.९७ ÷ १०९.९७, म्हणजे सुमारे १८,१३२. सरासरी भाव १,८१३ पडला आणि पूलमधला नवा भाव १,६५३ वर आला. साठ्याच्या मानाने सौदा जितका मोठा, तितकी ही घसरण जास्त.

कागदावर सोपं आहे. सॉलिडिटी या कॉन्ट्रॅक्टच्या भाषेत लिहिताना मात्र जपावं लागतं, कारण तिथे अपूर्णांक नाहीत. वरचं गणित करताना आधी ९.९७ ला १०९.९७ ने भागलंत, तर उत्तर येतं शून्य आणि विकणाऱ्याच्या हाती काहीच पडत नाही. म्हणून सगळे गुणाकार आधी, भागाकार अगदी शेवटी. शुल्कही ९९७ आणि १००० अशा पूर्णांकांतच मांडतात. उरलेला अंश नेहमी पूलच्या बाजूने राहू द्या: देणं खाली उतरवा, घेणं एकने वाढवा. उलट केलंत, तर कुणीतरी हजारो बारीक सौदे करून तो अंश उपसू शकतो.

दशांशस्थळंही तपासा. रक्कम पूर्णांकात साठवताना ईथरला १८ स्थळं धरतात, यूएसडीसी या डॉलरशी बांधलेल्या टोकनला ६. हे विसरलात तर भाव एक लाख कोटी पटींनी चुकतो.

सौदा ब्लॉकमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनच्या पक्क्या नोंदीत, जाण्याआधी अनेकदा सगळ्यांना दिसतो. कुणी तुमच्या पुढे घुसून ईथर विकतो, पडलेल्या भावात तुमचा सौदा होऊ देतो आणि मग स्वस्तात ईथर परत घेतो. म्हणून फंक्शनला ‘किमान इतके तरी मिळावेत’ असा आकडा द्यायचा. एक टक्का सूट धरली तर इथे १७,९५०. त्याखाली आलं की सौदा रद्द. हा आकडा सही करण्याआधी कॉन्ट्रॅक्टबाहेर काढलेला हवा. कॉन्ट्रॅक्टने तो त्याच क्षणी पूलला विचारून काढला, तर पाडलेलाच भाव खरा मानला जातो आणि संरक्षण उरत नाही.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे या क्षणिक भावावर कर्ज देणं. फेब्रुवारी २०२० मध्ये बीझेडएक्स या कर्ज देणाऱ्या सेवेवर हेच झालं: कुणीतरी फ्लॅश लोन (एकाच व्यवहारात घेऊन फेडायचं विनातारण कर्ज) घेऊन एसयूएसडी या डॉलरशी बांधलेल्या टोकनचा भाव फुगवला, तेच तारण ठेवलं आणि ईथर उचललं. मे २०२० मध्ये आलेल्या युनिस्वॅपच्या दुसऱ्या आवृत्तीत यावर तोड आहे. भाव गुणिले सेकंद अशी बेरीज कॉन्ट्रॅक्ट साठवत जातं. अर्ध्या तासाच्या अंतराने दोन नोंदी घ्या, फरकाला १,८०० ने भागा, की त्या काळातला सरासरी भाव मिळतो. अंतर वाढवलं तर तो फिरवणं महाग पडतं, पण बाजार कोसळत असताना तो तितकाच मागे राहतो. कर्ज देणाऱ्या कॉन्ट्रॅक्टला हा उशीर तारणाच्या प्रमाणात आधीच धरावा लागतो.