कर्करोग तपासणी आणि बुडणारी मजुरी

गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची वेळेवर तपासणी केली तर जीव वाचतात, याचा जगभर आधाराला घेतला जाणारा एक पुरावा मराठवाड्यातल्याच स्त्रियांनी दिलेला आहे. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात 1999 पासून 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, ज्या गटासाठी केवळ एकदा एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीची सोय केली होती, त्या गटात या कर्करोगाने झालेले मृत्यू आठ वर्षांत, तपासणीची अशी सोय नसलेल्या गटाच्या तुलनेत, जवळपास निम्मे होते. असे असूनही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 30 ते 49 वयाच्या शंभर स्त्रियांमागे दोघींचीसुद्धा ही तपासणी झालेली आढळली नाही.

चाचणी मोफत असली तरी त्या दिवसाची मजुरी बुडते, ही अडचण फक्त मालकच दूर करू शकतो. वाळूज किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत आरोग्य शिबिर भरवताना यादी कायम कामगारांची असेल, तर त्याच छताखाली काम करणारे कंत्राटी कामगार आणि सफाई करणाऱ्या बायका तिच्याबाहेर राहतात. ऊसतोडीत तर मालक नेमका कोण, इथूनच प्रश्न सुरू होतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे एक मजूर-जोडी, धरला जातो, उचल (आगाऊ रक्कम) मुकादमाकडून घेतलेली असते, आणि एक दिवस काम चुकले की खाडा पडून त्या खाड्याची रक्कम हिशेबातून कापली जाते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की तपासणीच्या दिवसाचा खाडा लावायचा नाही, ही अट साखर कारखान्याने मुकादमाच्या करारातच घातली पाहिजे.

तपासणीला फार यंत्रसामग्रीही लागत नाही. प्रशिक्षित परिचारिका गर्भाशयमुखावर 3 ते 5 टक्के ॲसेटिक आम्लाचे द्रावण लावते आणि मिनिटभर थांबते. पेशींमध्ये बदल झालेला असेल तर तेवढा भाग पांढरा दिसू लागतो. एचपीव्ही चाचणीचा नमुना तर स्त्रीला पडद्याआड स्वतःच घेता येतो, त्यामुळे फडाजवळच्या कोप्यांवरही (मजुरांच्या झोपड्यांवरही) ती शक्य आहे. विषाणूच्या संसर्गापासून कर्करोग होईपर्यंत बहुधा दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ जातो. त्यामुळे दरवर्षी चाचणीची गरज नसते. तंबाखू, गुटखा खाणाऱ्यांचे तोंड चांगल्या उजेडात तपासणेही तितकेच सोपे आहे. याउलट, ज्यांना काही त्रास नाही अशा सरसकट सगळ्यांच्या रक्तातील ट्यूमर मार्कर (कर्करोगाचा संकेत मानले जाणारे घटक) तपासण्याची महागडी पॅकेजे मालकांनी घेऊ नयेत. त्यातून नाहक भीती पसरते.

अशा भीतीची किंमत बीडने मोजली आहे. ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला, तेव्हा अनेकींनी आपल्याला कर्करोगाचा धाक घातला गेल्याचे सांगितले होते. गर्भाशयमुखावरचा कर्करोगपूर्व डाग सहसा गोठवून किंवा उष्णतेने नष्ट करता येतो, आणि त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही.

अहवाल मात्र फक्त त्या व्यक्तीच्या हाती पडला पाहिजे, मालकाच्या किंवा मुकादमाच्या नव्हे. नाहीतर काम जाण्याच्या धास्तीने कोणी पुढे येणार नाही. शिबिराची तारीख ठरवण्यापूर्वीच, दोष आढळलेल्यांना छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा जवळच्या उपचार केंद्रात कोण नेणार आणि उपचाराच्या दिवसांची मजुरी कोण देणार, हे कारखान्याने लेखी ठरवून ठेवायला हवे.