मिस्सेत गायचे की मिस्साच गायची?

कॅथलिक धर्मग्रामात, म्हणजे एका चर्चच्या स्थानिक समाजात, मिस्सेतल्या (वेदीवरच्या मुख्य उपासनाविधीतल्या) गाण्यावरून वाद पेटला की तो वाद्यांवर घसरतो. ऑर्गनवाले एका बाजूला, गिटार-कीबोर्डवाले दुसऱ्या. एक म्हणतो, वेदीजवळ रंगमंच उभा केलात. दुसरा म्हणतो, तुमच्या लॅटिनने तरुण पळाले. खरे तर गिटार या भांडणात फार उशिरा आली आणि उगाच बदनाम झाली.

कुरबुर जुनीच आहे. १५६२ मध्ये चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने मिस्सेतून उथळ, विकारी संगीत दूर ठेवायला सांगितले. १७४९ मध्ये पोपच्या पत्रात नाटकी ढंगावर टीका झाली. २२ नोव्हेंबर १९०३ च्या आदेशाने तर ऑपेराची छाप पुसण्यासाठी पियानो, ढोल, झांजा यांना चर्चमध्ये बंदीच घातली. गायकवृंदाचे काम हे उपासनेतले पद आहे, असे म्हणून स्त्रियांनाही त्यातून वगळले. भाविकांच्या ‘सक्रिय सहभागा’चा आग्रहही याच आदेशात आहे, ही गोष्ट दोन्ही पक्ष आपापल्या सोयीने वापरतात.

आजच्या पेचाचे मूळ मात्र वाद्यांत नाही, साध्या, म्हणजे न गाता वाचल्या जाणाऱ्या मिस्सेच्या जुन्या रिवाजात आहे. गायलेल्या मिस्सेत लॅटिनचाच अंमल असे. साध्या मिस्सेत धर्मगुरू वेदीकडे तोंड करून हलक्या आवाजात लॅटिन वाचत. मागे कोणी माळ जपे, तर कुठे लोक मातृभाषेत भक्तिगीते गात. जर्मन भाषकांच्या मुलखात ही पद्धत चांगलीच रुजली होती. १९५८ च्या नियमांनीही अशा गीतांना साध्या मिस्सेत मुभा दिली. वेदीवर एक चालले आहे आणि बाकांवर दुसरे, असा हा संसार होता. गीत छान असेल, भक्तीचे असेल, पण ते मिस्सेचा मजकूर नव्हते.

त्या मजकुराचे महत्त्व एका साध्या गोष्टीवरून कळते. मृतांसाठीच्या मिस्सेला ‘रेक्वियम’ म्हणतात, कारण तिचे प्रवेशगीत, म्हणजे सुरुवातीला गायचा ठरलेला पाठ, त्या शब्दाने सुरू होते. नाताळाआधीच्या आगमनकाळाचा तिसरा रविवार ‘गाउदेते’, तोही प्रवेशगीताच्या पहिल्या शब्दामुळेच. दिवसाला नाव मिळावे इतके ते गीत त्या दिवसाचे होते. आवडीप्रमाणे बदलायची वस्तू नव्हती.

मग दुसरी व्हॅटिकन परिषद, चर्चमध्ये सुधारणा करणारी बिशपांची जागतिक सभा. ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेवरचा दस्तऐवज २,१४७ विरुद्ध ४ मतांनी संमत झाला. ग्रेगोरियन गायनाला, म्हणजे चर्चच्या जुन्या लॅटिन गायनपद्धतीला, ‘बाकी सारे समान असता’ पहिले स्थान द्यावे, असे त्यात आहे. परंपरावादी ‘पहिले स्थान’वर बोट ठेवतात, सुधारणावादी ‘बाकी सारे समान असता’वर. बाकी सारे समान कधी असते, हा प्रश्न तेव्हापासून लटकलेलाच आहे.

पण कळीचा निर्णय १९६७ चा. त्या वर्षीच्या सूचनेने म्हटले की प्रवेश, अर्पण आणि कम्युनियनच्या (पवित्र भाकर घेण्याच्या) वेळी ठरलेल्या गीतांऐवजी दुसरी गीते गाण्याची प्रथा जिथे रीतसर परवानगीने चालू आहे, तिथे ती बिशप परिषदेच्या, म्हणजे तिथल्या बिशपांच्या मंडळाच्या, निर्णयाने राखता येईल. म्हणजे ही सवलत होती, तीही जिथे आधीपासून होती तिथली. पुढे व्हॅटिकन परिषदेनंतर आलेल्या नव्या मिस्सेच्या सर्वसाधारण सूचनांत प्रवेशाच्या वेळचे पर्याय आले: ग्रॅज्युअल या गायनग्रंथातले प्रवेशगीत, सोप्या चालींच्या ‘साध्या ग्रॅज्युअल’मधले किंवा ‘आलिउस कांतुस’, म्हणजे अन्य गीत. अट एवढीच की ते प्रसंगाला साजेसे हवे आणि त्याचा मजकूर बिशप परिषदेने मंजूर केलेला हवा.

या ‘कांतुस’ने सगळा घोळ घातला. लॅटिनमध्ये गीत आणि गायन दोन्हींना हा एकच शब्द चालतो. मराठीत आपण ‘गीत’ म्हटले की वेगळी चाल, वेगळी कडवी डोळ्यांसमोर येतात. ‘गायन’ म्हटले की ठरलेला पाठ सुरात म्हणणे. इंग्रजी भाषांतरातही आधी पहिला अर्थ चालला, पुढच्या आवृत्तीत दुसरा. एका शब्दात दोन घरे सामावली आणि यादीतल्या शेवटच्या पर्यायाने आधीचे पर्याय गिळले. माझ्या मते नियम मोडला असे म्हणता येत नाही. नियमातच दार उघडे होते. मात्र ते दार किती लोक वापरतील याचा अंदाज चुकला, हे सुधारणांच्या कट्टर पाठीराख्यांनीही मान्य करायला हरकत नाही. १९६९ मध्ये रोमच्याच सुधारणा मंडळाने बजावले होते की मिस्साच गायची आहे, मिस्सेत काहीतरी गायचे नाही. ते कोणाच्या फारसे कानावर गेले नाही. भिंतीवरच्या फळीवर चार गीतांचे आकडे लागत राहिले: प्रवेश, अर्पण, कम्युनियन, निरोप. साध्या मिस्सेची सवय नव्या मिस्सेत जशीच्या तशी आली.

नंतरचे प्रयत्न बहुतेक डागडुजीचे. १९७४ मध्ये सोप्या लॅटिन गायनांची पुस्तिका जगभरच्या बिशपांना भेट गेली. २००१ मध्ये बिशप परिषदांना पाच वर्षांत गीतांच्या मजकुरांची अधिकृत यादी काढायला सांगितले. २००८ मध्ये ‘याहवे’ हे देवाचे हिब्रू नाव उपासनेत उच्चारायचे किंवा गायचे नाही असे ठरले आणि काही लोकप्रिय गीतांचे शब्द बदलावे लागले. २०११ मध्ये इंग्रजी मिस्सेचा मजकूर बदलला, त्याबरोबर पाठ झालेल्या चालीही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या बिशपांच्या समितीने गीतांचे शब्द श्रद्धेच्या कसोटीवर तपासून काहींवर बोट ठेवले. मधल्या काळात जुन्या लॅटिन मिस्सेला २००७ मध्ये मोकळीक आणि २०२१ मध्ये लगाम, त्यामुळे गाण्याचा प्रश्न गटबाजीत ओढला गेला. एखाद्याने लॅटिन ‘सांक्तुस’ (मिस्सेतले ‘पवित्र, पवित्र’ हे स्तोत्र) सुचवले तरी तो कोणत्या तंबूतला याची चौकशी आधी होते.

दरम्यान ते प्रवेशवचन, म्हणजे प्रवेशगीताचा मजकूर, मिस्सेच्या पुस्तकात छापलेले आहेच. गाणे नसेल तर ते वाचायचे, असा नियम आहे. त्यामुळे आठवड्याच्या सकाळी, मोजकीच माणसे असताना, ते ऐकू येते. रविवारी गायकवृंद हजर असतो, म्हणून ते पुस्तकातच राहते.