कुलाब्याच्या वहीतलं सौरवादळ

अलिबागला आपण जातो ते बीच आणि किल्ला बघायला, ओहोटी असेल तर चालत नाहीतर घोडागाडीतून किल्ल्यात, मग कुठेतरी मस्त सुरमई थाळी आणि परत. पण त्याच गावात एक चुंबकीय वेधशाळा आहे, 1904 पासून पृथ्वीचं चुंबकत्व मोजतेय, आणि ती अलिबागला का आली ते ऐकण्यासारखं आहे. आधी हे काम मुंबईत कुलाब्याला चालायचं. मग मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं आणि ट्रामच्या करंटमुळे इथल्या नाजूक चुंबकांची रीडिंग्ज बिघडणार हे तिथले संचालक नानाभाई मूस यांनी ओळखलं, म्हणून समुद्रापलीकडे अलिबागला लोखंड न वापरता नवी इमारत बांधली आणि दोनेक वर्षं दोन्हीकडे एकदमच रीडिंग घेतली, म्हणजे जुने आकडे आणि नवे आकडे एकमेकांना जोडता यावेत. मला हे फार मोठं वाटतं, कारण त्या जुन्या आकड्यांमध्ये माणसाने मोजलेल्या सगळ्यात भयंकर सौरवादळांपैकी एकाची नोंद आहे.

तारीख 1 सप्टेंबर 1859. इंग्लंडमध्ये रेडहिलला रिचर्ड कॅरिंग्टन नावाचे खगोलशास्त्रज्ञ दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पडद्यावर पाडून त्यावरचे डाग कागदावर काढत बसले होते, रोजचंच काम, आणि अचानक एका मोठ्या डागांच्या समूहावर पांढरे लखलखीत दोन ठिपके उमटले आणि पाचेक मिनिटांत विरूनही गेले. ही सौरज्वाला, फ्लेअर. तिचा प्रकाश पृथ्वीवर यायला आठ मिनिटं लागतात. पण तिच्यासोबत सूर्याने विद्युतभारित वायूचा आणि चुंबकीय क्षेत्राचा जो अवाढव्य लोट फेकला (याला सीएमई म्हणतात), त्याला पोचायला एरवी दोन-तीन दिवस लागतात, तो साडेसतरा तासांत येऊन धडकला.

मुंबईत तेव्हा 2 सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याच्या वेधशाळेत चुंबक धाग्याने टांगलेला असायचा, त्याच्यावर एक छोटा आरसा, आणि जरा लांबून दुर्बिणीला डोळा लावून त्या आरशात दिसणाऱ्या पट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. चुंबक केसभर वळला तरी आकडा सरकतो. एरवी तासातासाने वाचायचं, पण सुई बिथरली की थोड्या थोड्या मिनिटांनी, म्हणजे त्या सकाळी तिथे कोणीतरी डोळा न हलवता एकामागून एक आकडे लिहीत बसलं होतं. आपल्याकडे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा आडवा भाग साधारण 38 हजार नॅनोटेस्लाच्या (हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) आसपास असतो आणि दिवसभरात तो काही डझन नॅनोटेस्लांनी वरखाली होतो. त्या दिवशी तो सुमारे 1600 ने कोसळला. तुलनेसाठी, 1989 चं मोठं वादळ जागतिक मापावर (म्हणजे वेगवेगळ्या ठिकाणच्या नोंदींच्या सरासरीवर) उणे 589 वर थांबलं होतं.

कोसळला म्हणजे काय, तर वादळात पृथ्वीच्या आजूबाजूच्या अवकाशात भारित कण अडकतात आणि पृथ्वीभोवती गोल गोल फिरायला लागतात, विजेचं एक प्रचंड कडंच तयार होतं म्हणा ना, आणि त्या कड्याचं चुंबकत्व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या उलट दिशेचं असतं, त्यामुळे विषुववृत्ताच्या जवळच्या भागात सुई खाली जाते. युरोपात वर आकाशात ऑरोराचे (ध्रुवांकडच्या आकाशात दिसणाऱ्या रंगीत प्रकाशाचे) वेगळेच करंट नाचत असतात, शिवाय तिथल्या काही उपकरणांची सुई पट्टीच्या बाहेरच गेली. मुंबई अक्षांशाने बरोब्बर जागी होती आणि वाचणाऱ्याने वाचणं सोडलं नाही. 2003 मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर याच आकड्यांवरून ते वादळ किती मोठं होतं याचा हिशेब मांडला.

त्या वेळी जगात वीज म्हणजे मुख्यतः तारयंत्र. अमेरिकेत बॉस्टनच्या ऑपरेटरने पोर्टलंडच्या ऑपरेटरला सांगितलं की तुझी बॅटरी काढून टाक, दोघांनी बॅटऱ्या काढल्या आणि नुसत्या आकाशातून आलेल्या करंटवर सुमारे दोन तास तारा पाठवल्या, आणि म्हणे बॅटरीपेक्षा बरं चाललं होतं! काही ठिकाणी ऑपरेटरना शॉकही बसले.

आता हाच करंट आजच्या ग्रिडमध्ये शिरला तर? चुंबकीय क्षेत्र झपाझप बदललं की जमिनीत वीज निर्माण होते, आणि खाली कठीण खडक असेल, त्यातून वीज सहज वाहत नसेल, तर ती शेकडो किलोमीटर लांबीच्या हाय टेन्शन लाइन्सचा सोपा रस्ता धरते आणि अर्थिंगमधून ट्रान्सफॉर्मरमध्ये घुसते. ट्रान्सफॉर्मर बनवलेला असतो एसीसाठी, म्हणजे सारखी दिशा बदलणाऱ्या विजेसाठी, आणि हा करंट जवळजवळ डीसीसारखा, एकाच दिशेने वाहणारा, त्यामुळे आतला लोखंडी गाभा चुंबकत्वाने तुडुंब भरतो, ट्रान्सफॉर्मर जोरात घुमायला लागतो, तापतो, व्होल्टेज डळमळतं. 13 मार्च 1989 ला कॅनडातल्या क्विबेकमध्ये पहाटे पावणेतीनच्या सुमारास हेच झालं, दीड मिनिटाच्या आसपास सगळी ग्रिड बसली, 60 लाख लोक ऐन थंडीत नऊ तास अंधारात. त्याच वादळात अमेरिकेत सेलम अणुवीज केंद्राचा एक भलामोठा ट्रान्सफॉर्मर जळून कामातून गेला. असे ट्रान्सफॉर्मर दुकानात मिळत नाहीत, ऑर्डर देऊन बनवून घ्यावे लागतात आणि त्यात महिनेच्या महिने जातात, मला खरी भीती या गोष्टीची वाटते.

आपण विषुववृत्ताच्या जवळ, त्यामुळे ग्रिडला धोका क्विबेकपेक्षा कमी, हे खरं आहे. पण जीपीएसच्या बाबतीत उलट. वरच्या हवेतला आयनोस्फिअरचा थर आपल्याकडे आधीच जाड आणि चंचल असतो, त्यातून सॅटेलाइटचा सिग्नल येताना उशीर होतो, वादळात तो उशीर सारखा बदलत राहतो आणि ठिकाण चुकतं. मे 2024 च्या वादळात अमेरिकेत ऐन पेरणीच्या वेळी जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर सरळ ओळी धरेनात, शेतकऱ्यांना काम थांबवावं लागलं. त्याच रात्री लडाखमध्ये हानलेच्या आकाशात लाल ऑरोरा दिसला, तो फोटो तुम्हीही पाहिला असेल. (4 फेब्रुवारी 1872 च्या वादळात तर ऑरोरा मुंबईतून दिसल्याची नोंद आहे.)

सॅटेलाइटचं वेगळंच. वादळात वरची हवा तापून फुगते आणि खालच्या कक्षेतल्या सॅटेलाइटना जास्त घासायला लागते. फेब्रुवारी 2022 मध्ये स्टारलिंकचे 49 सॅटेलाइट नुकतेच सोडले होते, अजून फक्त 210 किलोमीटरवर होते, आणि वादळ तसं किरकोळच होतं, तरी त्यातले चाळीसच्या आसपास परत खाली येऊन जळाले.

मग आधी कळतं का? थोडंफार. सूर्याने लोट फेकलेला दिसतो, आपल्या आदित्य एल1 या सूर्यावर नजर ठेवणाऱ्या यानावर पुण्याच्या आयुका या संस्थेने बनवलेली सूट ही दुर्बीण सूर्याचे अतिनील फोटो काढते, कधी पोचेल याचा अंदाजही बांधता येतो. पण लोटातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कुठली हे लांबून नीट कळत नाही, आणि सगळं त्यावरच तर आहे, दिशा दक्षिणेकडे असली तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि वादळ पेटतं, उत्तरेकडे असली तर बरंचसं निभावून जातं. ही दिशा मोजायला यान लोटाच्या वाटेतच उभं असावं लागतं, आदित्य तसं 15 लाख किलोमीटरवर उभं आहे, त्याच्यावर मॅग्नेटोमीटर, म्हणजे चुंबकीय क्षेत्र मोजणारं उपकरण, आहे, आणि तिथून लोट पृथ्वीवर यायला तास, वादळ जोरात असेल तर अर्धा तासच.

तेवढ्या वेळात ग्रिडवाले लोड कमी करू शकतात, दुरुस्तीसाठी बंद ठेवलेल्या लाइन्स परत जोडू शकतात, सॅटेलाइटवाले नाजूक भाग बंद करू शकतात. पण ट्रान्सफॉर्मर मुळात किती सोसेल असा बनवायचा हे वर्षानुवर्षं आधी ठरवावं लागतं, आणि तिथे इंजिनिअर विचारतो की वाईटात वाईट किती धरू. जुलै 2012 मध्ये तसाच एक लोट पृथ्वीची कक्षा ओलांडून गेला, पण पृथ्वी तिथे नव्हती, त्यामुळे इथल्या सुईवर त्याचा आकडा कधी उमटलाच नाही. सुईवर उमटलेला तसा आकडा अजूनही कुलाब्याच्या त्या सकाळचाच, 1600.