शीत प्लाझ्मा (कर्करोगोपचार)

नेहमीच्या हवेच्या दाबाला, शरीराला सोसेल एवढ्या तापमानात तयार केलेला अंशतः आयनीभूत (काही अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटे झालेला) वायू म्हणजे शीत प्लाझ्मा. तो गाठीवर किंवा गाठ काढलेल्या जागेवर सोडून कर्कपेशी मारता येतील का, याचे प्रयोग सुरू आहेत. कोविडच्या काळात दान केला जाणारा प्लाझ्मा म्हणजे रक्तद्रव. हा त्याहून अगदी वेगळा. मराठी परिभाषेत याला आयनद्रायू म्हणतात.

यातले इलेक्ट्रॉन हजारो अंश तापलेले असतात, पण जड अणू थंडच राहतात. जर्मनीतील ग्राइफ्सवाल्ड येथे विकसित झालेल्या ‘किनपेन मेड’ या उपकरणातून आर्गॉन वायू सोडला जातो. जाड पेनासारख्या नळीच्या टोकाशी सेंटीमीटरभर जांभळट ज्योत दिसते. तिच्याखाली बोट धरले तरी भाजत नाही. २०१३ मध्ये त्याला वैद्यकीय उपकरण म्हणून मान्यता मिळाली, पण ती जखमा व त्वचाविकारांसाठी.

खरे काम ज्योत करत नाही. तिच्यामुळे हवेतल्या ऑक्सिजन, नायट्रोजन आणि ओलाव्यापासून हायड्रोजन पेरॉक्साइड, नायट्राइट, हायड्रॉक्सिल मूलके असे क्रियाशील घटक बनतात. कर्कपेशींवर ऑक्सिडीकरणाचा ताण, म्हणजे अशा क्रियाशील घटकांमुळे होणारी झीज, मुळातच जास्त असतो. त्यात भर पडली की त्या मरणाची वाट धरतात. तेवढीच मात्रा निरोगी पेशी बहुधा पचवतात. मात्रा वाढवली तर त्याही मरतात, म्हणून ‘प्लाझ्मा फक्त कर्कपेशी मारतो’ हा दावा सैल आहे. जपानमधील नागोया विद्यापीठात तर प्लाझ्माचा मारा करून क्रियाशील बनवलेला द्रवच कर्कपेशींवर वापरून पाहिला गेला.

ग्राइफ्सवाल्डला डोके व मानेच्या बळावलेल्या कर्करोगाच्या मोजक्या रुग्णांवर हा उपचार झाला. अशी गाठ फुटून चिघळते, तीत जंतू वाढतात, आणि वासामुळे घरच्यांनाही जवळ बसवत नाही. काही रुग्णांत हा वास आणि वेदनाशामकांची गरज कमी झाली. काहींची गाठ काही काळ आक्रसली. रोग बरा झाला नाही, तरी वास जाणे ही अशा घरात लहान गोष्ट नव्हे.

अमेरिकेत शल्यचिकित्सक जेरोम कॅनडी यांच्या शीत प्लाझ्मा उपकरणाला २०१९ मध्ये चाचणीची परवानगी मिळाली. शस्त्रक्रियेने गाठ काढल्यावर उरलेल्या कडांवर प्लाझ्मा फवारायचा, अशी ही पद्धत. पहिल्या टप्प्यात २० रुग्ण होते आणि प्रश्न सुरक्षिततेचा होता. आयुष्य वाढते का, हे त्यावरून ठरत नाही.

प्लाझ्माचा थेट परिणाम फार तर काही मिलिमीटर खोल जातो. शिवाय किरणोपचारात मात्रा ‘ग्रे’मध्ये मोजतात, तसे सर्वमान्य एकक इथे अजून नाही, त्यामुळे दोन उपकरणांचा एक-एक मिनिटाचा मारा सारखाच असेल असे नाही.