कूलरमध्ये नेमके काय तुटते?

मे महिन्यात नागपूरचा पारा 45 अंशांच्या आसपास घुटमळू लागतो, दुपारची हवा कोरडीठाक होते आणि घरोघरचे कूलर वाळ्याच्या ताट्यांवरून झिरपणाऱ्या पाण्याचे बाष्पीभवन करून खोल्या थंड ठेवतात. या वेळी पाण्यातले नेमके काय तुटते, असे विचारले तर पुष्कळ विद्यार्थी ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्यातील बंध’ असे उत्तर देतात. तसे खरोखरच होत असते, तर कूलरसमोर बसणे आणि ज्वालाग्राही वायूच्या गळतीसमोर बसणे यांत काही फरक उरला नसता.

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू हायड्रोजनच्या दोन अणूंशी इलेक्ट्रॉनच्या जोड्यांची भागीदारी करतो. हा सहसंयुज बंध अतिशय बळकट असतो. अठरा ग्रॅम पाण्यातील असे सगळे बंध तोडायचे, तर सुमारे 925 किलोज्यूल ऊर्जा लागते. तेवढ्याच पाण्याची वाफ करायला मात्र सुमारे 44 किलोज्यूल पुरतात. म्हणजे वाफ होताना रेणू अखंडच राहतो. तुटते ती रेणूंनी एकमेकांवर बसवलेली पकड.

ही पकड निर्माण होते, कारण भागीदारी समसमान नसते. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन स्वतःकडे अधिक ओढतो, त्यामुळे त्याच्या बाजूला किंचित ऋणप्रभार आणि हायड्रोजनच्या बाजूला किंचित धनप्रभार येतो. मग एका रेणूतील हायड्रोजन शेजारच्या रेणूतील ऑक्सिजनकडे आकर्षिला जातो; यालाच हायड्रोजन बंध म्हणतात. द्रवरूप पाण्यात हे बंध सेकंदाच्या एक लाख कोटीव्या भागाच्या हिशेबात तुटत आणि पुन्हा जुळत राहतात. तरीही त्यांचा एकत्रित परिणाम केवढा मोठा आहे, ते हायड्रोजन सल्फाइडकडे पाहिले की कळते. त्याचा रेणू पाण्याच्या रेणूच्या जवळजवळ दुप्पट जड, घडणही तशीच, पण त्यात हायड्रोजन बंध अगदीच क्षीण असल्यामुळे तो उणे 60 अंशांनाच उकळतो. आपल्या पाठ्यपुस्तकांत रेणूच्या आतील बंधांना पानेच्या पाने मिळतात आणि रेणूंमधील बलांची बोळवण परिच्छेदभरात होते, हे मला अन्यायाचे वाटते, कारण नद्या, रक्त आणि पाऊस द्रवरूपात टिकून आहेत ते याच बलांमुळे.

आता पुन्हा ताटीकडे पाहू. वाळा हे मूळ असते आणि त्याच्या तंतूंमधील सेल्युलोजवर ऑक्सिजन-हायड्रोजनच्या असंख्य जोड्या असतात. त्यांच्याशी पाण्याचे रेणू हायड्रोजन बंधाने जुळतात, म्हणून पाणी तंतूंवर पातळ पसरते आणि ताटी ओली राहते. पंख्याने ओढलेली कोरडी, तापलेली हवा त्यातून जाते, तेव्हा ज्या रेणूंकडे पुरेशी ऊर्जा असते ते शेजाऱ्यांची पकड सोडवून निसटतात आणि त्यासाठी लागणारी उष्णता त्या हवेतूनच खर्ची पडते. एका लिटर पाण्याच्या बाष्पीभवनात सुमारे 2,400 किलोज्यूल उष्णता शोषली जाते. तेवढ्या उष्णतेत 25 अंशांचे साडेसात लिटर पाणी उकळीला आले असते. जुलैत हाच कूलर निरुपयोगी ठरतो, कारण हवेत आधीच इतकी वाफ असते की ताटीवरून सुटणाऱ्या रेणूंच्या जवळपास तेवढेच रेणू तिच्यावर परत येऊन चिकटतात.

हायड्रोजन बंध नसलेल्या पदार्थांचे रेणूही एकमेकांना धरून असतातच, आणि त्याचे उदाहरण नागपूरकरांच्या हाताशी आहे. संत्र्याच्या सालीतील तेलात मुख्यतः लिमोनीन असते. त्याच्या रेणूत कार्बनचे दहा आणि हायड्रोजनचे सोळा अणू असून प्रभाराची ठळक टोके जवळजवळ नसतातच. मात्र इलेक्ट्रॉनांच्या सतत चाललेल्या हालचालीमुळे क्षणभर एका बाजूला प्रभार साचतो, तो शेजारच्या रेणूच्या जवळच्या बाजूला विरुद्ध प्रभार उत्पन्न करतो आणि दोघांत आकर्षण निर्माण होते. रेणूंमधील अशा क्षीण आकर्षणांना व्हॅन डर वाल्स बले म्हणतात; हा त्यांचाच एक प्रकार आहे. एकेकटे पाहिले तर हे आकर्षण नगण्य वाटते, पण मोठ्या रेणूत ते ठिकठिकाणी कार्य करते. म्हणून लिमोनीन तब्बल 176 अंशांना, म्हणजे पाण्यापेक्षाही वरच्या तापमानाला उकळते.

साल दुमडून तिचा फवारा फुगवलेल्या रबरी फुग्यावर मारला, तर बहुतेक वेळा फुगा फुटतो. रबराच्या लांब साखळ्याही कार्बन-हायड्रोजनच्याच असून त्याच प्रकारच्या बलांनी एकमेकींना धरून असतात. लिमोनीनचे रेणू त्यांच्यामध्ये सहज शिरतात, ताणलेला पडदा त्या जागी दुबळा होतो आणि आतल्या हवेच्या दाबाने फाटतो. पाण्याच्या फवाऱ्याने असे होत नाही, कारण पाण्याच्या रेणूंचे परस्परांतील आकर्षण रबराशी असलेल्या त्यांच्या आकर्षणापेक्षा कितीतरी प्रबळ असते आणि ते थेंब बांधून पृष्ठभागावरून ओघळून जातात.