गर्भाचे नैतिक स्थान

गर्भपाताच्या वादात जन्माला न आलेल्या जीवाचे मोल किती मानावे, त्याला हक्क असतात का आणि असल्यास ते केव्हापासून, या प्रश्नांचा विचार ‘गर्भाचे नैतिक स्थान’ या नावाखाली केला जातो. गर्भ जिवंत असतो व तो मानवाचाच असतो, याविषयी दोन्ही पक्षांत फारसे दुमत नाही. तेवढ्यावरून त्याला जन्मलेल्या माणसाइतके संरक्षण द्यावे काय, हा वादाचा मुद्दा आहे. आजच्या ध्रुवीकरणाकडे पाहता हे दोन टोकांचे भांडण पूर्वापार चालत आले असावे असा समज होतो. प्रत्यक्षात बऱ्याच परंपरांनी गर्भाचे मोल टप्प्याटप्प्याने वाढत जाणारे मानले आहे.

ॲरिस्टॉटलच्या मते मुलाचा गर्भ सुमारे ४० व्या आणि मुलीचा सुमारे ९० व्या दिवशी हालचाल करू लागतो. या आकड्यांना शरीरशास्त्राचा आधार नाही. तरीही युरोपातील विचारांवर त्यांचा प्रभाव शतकानुशतके टिकला. ज्यू धर्मशास्त्रात पहिल्या ४० दिवसांचा गर्भ ‘केवळ पाणी’ समजला जातो आणि प्रसूती अडल्यास बाळाचे डोके बाहेर येईपर्यंत आईच्या प्राणाला अग्रक्रम मिळतो. इस्लामी परंपरेत १२० दिवसांनी गर्भात आत्मा फुंकला जातो असे सामान्यतः मानतात, मात्र त्याआधीच्या गर्भपाताबाबत निरनिराळ्या विधिपंथांत एकवाक्यता नाही. कॅथलिक चर्चने गर्भपाताला नेहमीच पाप मानले, पण शिक्षेसाठी सजीव (आत्मा आलेला) व अ-सजीव (आत्मा अजून न आलेला) गर्भ असा भेद केला जात असे. पाचव्या सिक्स्टस पोपने १५८८ मध्ये हा भेद मोडला, १५९१ मध्ये चौदाव्या ग्रेगरीने तो पुन्हा आणला आणि १८६९ मध्ये नवव्या पायसने तो कायमचा काढून टाकला. भारतीय परंपरेत धर्मग्रंथांनी भ्रूणहत्येची गणना घोर पापांत केली आहे, तर सुश्रुतसंहितेनुसार चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते आणि गर्भिणी ‘दोन हृदयांची’ होऊन तिच्या इच्छांमधून गर्भाच्याच इच्छा प्रकट होतात.

टप्पा कोणता, याइतकाच तो ओळखायचा कोणी, हा प्रश्नही महत्त्वाचा ठरला आहे. इंग्लंडच्या जुन्या रूढ कायद्यात गर्भाची पहिली हालचाल निर्णायक होती. ती साधारणपणे १६ ते २० आठवड्यांच्या दरम्यान जाणवते आणि प्रथम जाणवते ती आईलाच, त्यामुळे तिचा शब्द हाच मुख्य पुरावा असे. १८०३ च्या कायद्याने हालचालीनंतरच्या गर्भपाताला देहदंड व त्याआधीच्या गर्भपाताला सौम्य शिक्षा ठेवली. १८३७ मध्ये हा फरकच रद्द झाला. पुढे साक्षीदार बदलला. १९५८ मध्ये ग्लासगो येथे इयन डॉनल्ड व सहकाऱ्यांनी श्राव्यातीत ध्वनिलहरींनी (सोनोग्राफीने) मिळवलेल्या गर्भाच्या प्रतिमा प्रसिद्ध केल्या, आणि १९६५ मध्ये स्वीडिश छायाचित्रकार लेनार्ट निल्सन यांची गर्भाची रंगीत छायाचित्रे जगभर पोहोचली. काळ्या पार्श्वभूमीवर एकटाच तरंगणारा गर्भ त्यांत दिसतो, आई कोठेही दिसत नाही. त्यांतील बहुतेक गर्भ वस्तुतः शरीराबाहेर काढलेले होते, हे ती चित्रे गर्भपातविरोधी प्रचारात मिरवणाऱ्यांच्या सहसा लक्षात येत नाही.

तत्त्वज्ञांमध्ये ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी १९७१ मध्ये वादाची दिशाच पालटली. गर्भ ही पूर्ण व्यक्ती आहे असे घटकाभर मान्य केले, तरी दुसऱ्याचे शरीर वापरण्याचा हक्क तिला आपोआप मिळत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. मेरी ॲन वॉरन यांनी १९७३ मध्ये जाणीव, विवेक, आत्मभान यांसारख्या निकषांवर गर्भाचे व्यक्तित्व नाकारले. मात्र त्या निकषांवर नवजात अर्भकही उतरत नाही, ही अडचण त्यांना पुरती दूर करता आली नाही. उलट बाजूने डॉन मार्क्विस यांनी १९८९ मध्ये असे मांडले की, हत्या वाईट ठरते ती मरणाऱ्याचे मोलाचे भविष्य हिरावले जाते म्हणून, आणि असे भविष्य गर्भालाही असते. गर्भधारणेचा क्षणच निर्णायक मानणाऱ्यांपुढे जुळ्यांचा पेच उभा राहतो, कारण सुमारे १४ दिवसांपर्यंत एका भ्रूणाचे दोन होऊ शकतात, मग त्या क्षणी एकच ठरावीक व्यक्ती अस्तित्वात आली असे कसे म्हणावे?

गर्भपाताला मुभा असणे म्हणजे गर्भाविषयी भावना नसणे, असे मात्र नाही. जपानमध्ये १९४८ पासून कायद्याने गर्भपाताला वाट मोकळी आहे. तरीही तेथे न जन्मलेल्या बाळांसाठी ‘मिझुको कुयो’ हा विधी केला जातो. टोकियोच्या झोजोजी मंदिरात बालकांचा रक्षक मानल्या जाणाऱ्या जिझो या बोधिसत्त्वाच्या लहान दगडी मूर्तींच्या रांगा आहेत. त्यांना लाल टोप्या घातलेल्या असतात आणि शेजारी वाऱ्यावर फिरणारी भिरभिरी खोचलेली असतात. १९७० च्या दशकात या विधीचा प्रसार वाढला, तेव्हा काही मंदिरे शापाची भीती घालून स्त्रियांकडून पैसे उकळतात, अशी टीका जपानमध्येच झाली.

राज्यसंस्थांची भूमिका दर वेळी गर्भाच्या मोलावरून ठरलेली नाही. रुमानियाने १९६६ मध्ये गर्भपातावर कडक बंदी घातली ती लोकसंख्या वाढवण्यासाठी, आणि १९८९ पर्यंत तिची किंमत स्त्रियांनी प्राण देऊन मोजली. आयर्लंडने १९८३ मध्ये आई व गर्भ यांना जगण्याचा समान हक्क राज्यघटनेत दिला आणि २०१८ च्या सार्वमताने तो मागे घेतला. जर्मनीत सल्लामसलतीनंतर पहिल्या १२ आठवड्यांत केलेला गर्भपात बेकायदा, पण शिक्षेस अपात्र असतो.

लिंगनिवड व अपंगत्व यांमुळे गर्भपाताच्या कारणाचा प्रश्नही पुढे येतो. गर्भपाताचा हक्क मानणारे अनेक जण मुलगी नको म्हणून केलेल्या गर्भपाताला विरोध करतात, आणि अपंगांच्या चळवळीतील काहींचा व्यंग आढळल्यावर होणाऱ्या गर्भपातावर तसाच आक्षेप आहे. भारतात १९७१ च्या कायद्याने ठरावीक अटींवर गर्भपात वैध झाला, तर १९९४ च्या कायद्याने गर्भाचे लिंग तपासण्यावर व सांगण्यावर बंदी आली.